सातवा वाटा

भर रस्त्यात मी एका टाय लावलेल्या माणसाला कवेत धरून आडवा झालो, आणि वरून काहीच पडलं नाही. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कुणाचं तरी बिऱ्हाड चढत होतं. गच्चीवर कप्पी बांधून दोन माणसं दोराने एक लोखंडी कपाट वर खेचत होती. मी खालून चाललो होतो, अंगात धुवून इस्त्री केलेला शर्ट, मालकाच्या ऑफिसात जायचं म्हणून घातलेला. तेवढ्यात दोराचा आवाज बारीक झाला. बोटीवर जाळं वर येताना तारेला ताण असतो तेव्हा ती जाड आवाजात गाते. तिच्या आतले पदर सुटायला लागले की आवाज बारीक होत वर वर जातो, आणि मग माणसाला आडवं पडण्यापुरता वेळ असतो, जास्त नाही. ज्याला आधी ऐकू येतं तो पडतो आणि शेजारच्याला सोबत घेऊन पडतो, ही आमची रीत. का पाडलंस म्हणून बोटीवर कुणी विचारत नाही. या माणसाने विचारलं. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" तो माझ्या काखेतून ओरडत होता. "बॅग! माझी बॅग कुठंय?" मी त्याचं डोकं अजून खाली दाबलं. मग आम्ही दोघांनीही वर पाहिलं. कपाट शहाण्यासारखं खिडकीपर्यंत गेलं, आत ओढलं गेलं, आणि वरच्या माणसाने बनियनने तोंड पुसलं.

लोक जमले. एक बाई हसली आणि मग हसू लपवायला मोबाईलमध्ये बघू लागली. इमारतीचा वॉचमन जवळ आला, माझ्या तोंडाजवळ नाक आणून म्हणाला, "भरदुपारीच लावलीय वाटतं?" मी पीत नाही असं सांगितलं. त्याने पुन्हा वास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं, कारण डिझेल आणि मासळी माझ्या कातडीत मुरलीय, ती साबणाला दाद देत नाही. टायवाल्याच्या दोन्ही गुडघ्यांवर काळे डाग पडले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आता हा माफी मागेल म्हणून वाट बघत होते. मला मागता आली असती. पण माझ्या कानाने जे ऐकलं ते ऐकलं, मी का माफी मागू? "तुटला नाही हे तुमचं नशीब," मी म्हणालो, "माझी चूक नाही." तो वेडा आहे वेडा आहे म्हणत गेला. माझ्या शर्टाची बाही कोपरापाशी फाटली होती आणि खरचटल्याची आग आता कुठे जाणवायला लागली होती. घरी जाऊन शर्ट बदलावा असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, जाऊ दे, असंच जाऊ. आपल्याला काही लग्नाला जायचं नाही, आपल्याला फक्त हो म्हणायला जायचंय.

हो म्हणायचं हे घरी ठरलं होतं. म्हणजे बायकोने ठरवलं होतं आणि मी नाही म्हटलं नव्हतं, आमच्या घरात यालाच ठरणं म्हणतात. बोट सकाळी बंदराला लागली, मासळीचा लिलाव झाला, कप्तानाने ज्याचे त्याचे पैसे हातात ठेवले आणि मला म्हणाला, धाकट्या मालकांनी तुला ऑफिसात बोलावलंय. कशाला ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. थोरले मालक गेल्यापासून धाकट्यांच्या डोक्यात घोळत होतं की वाट्याची भानगड बंद करायची आणि बोटीवरच्या माणसांना महिन्याचा पगार द्यायचा. आजवर आमचं असं की मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचे पैसे कापायचे. उरल्यातला अर्धा भाग बोटीचा आणि जाळ्याचा, म्हणजे मालकाचा. राहिलेल्या अर्ध्याचे सात सारखे वाटे. आम्ही सात जण. कप्तानाला मालक वरून वेगळं देतो, ते त्यांचं ते बघतील. मासळी भरपूर मिळाली तर सातही घरात दिवे लागतात. नाही मिळाली तर सातही घरात तोंडं लांब होतात, आणि अशाही फेऱ्या मी पाहिल्यात की डिझेलचे पैसेसुद्धा सुटले नाहीत, आम्ही रिकाम्या हातांनी घरी गेलो आणि बायकोने काही विचारू नये म्हणून आल्या आल्या झोपेचं सोंग घेतलं. हे सगळं मला माहीत आहे. वाट्याची आरती ओवाळणारा मी नव्हे.

पण वाट्याला एक शेपूट आहे. बोटीवरचा माणूस आजारी पडला, जायबंदी झाला, फेरीला येऊ शकला नाही, तर त्याचा वाटा थांबत नाही. सहा जण समुद्रावर गेले तरी वाटे सातच पडतात. कामाच्या वेळी जो त्याच्या शेजारी उभा असतो, तो त्याचा वाटा त्याच्या घरी नेऊन देतो. किती दिवस, कुठवर, हे कुणी ठरवलेलं नाही. तो परत येईपर्यंत, किंवा त्याच्या घरात दुसरं कुणी कमवायला लागेपर्यंत. हे कुठे लिहिलेलं नाही आणि थोरल्या मालकांनीही कधी त्यात नाक खुपसलं नव्हतं, कारण त्यांच्या अर्ध्याला त्याने धक्का लागत नव्हता. आमच्यातल्या भोंग्याचा हात गेल्यापासून मी दर फेरीनंतर त्याचा वाटा त्याच्या घरी नेत होतो. आज सकाळी कप्तानाने तो माझ्या हातात दिला नाही. "आधी मालकाला भेटून ये," एवढंच म्हणाला आणि पाइपने डेक धुवायला लागला. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

भोंगा हे त्याचं नाव नव्हे, त्याचा आवाज. इंजिन चालू असताना बोलणं ऐकू जाईल असा आमच्यात तो एकटाच. तारेच्या रिळापाशी तो उभा असायचा, तार गुंतू नये म्हणून हातातल्या आकड्याने तिला सरळ लावत, आणि चार पावलांवर विंचच्या, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दांड्यावर मी. त्या दिवशीही तो गात होता. दुपार होती, पाणी तेलासारखं सपाट होतं, कुणाच्याही मनात काही वाईट येणार नाही अशी दुपार. तार जुनी झालीय, तिचे केस उभे राहायला लागलेत, असं आम्ही धाकट्या मालकांना सांगितलं होतं आणि पुढच्या फेरीला नवी आणू असं उत्तर मिळालं होतं. मला तिचा आवाज बारीक झालेला ऐकू आला. मी दांडा सोडला, ओरडलो आणि पडलो. चार पावलं लांब होता, त्याला सोबत घेऊन पडता आलं नाही. तो स्वतःच्याच गाण्यात होता. तारेचं टोक हवेत फिरून आलं आणि मनगटाच्या वर लागलं. नंतरचं मी सांगत नाही. बंदराला परत येईपर्यंत इंजिनाचा आवाज तेवढा होता आणि कप्तान सारखा घड्याळ बघत होता. दवाखान्यातून आल्यावर भोंगा बोलायचाच कमी झाला. मी वाटा घेऊन गेलो की तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि त्याची बायको नोटा घेऊन डब्यात ठेवायची, मोजायची नाही. मला ते न मोजणं आवडत नव्हतं. मोज ना बाई, असं म्हणावंसं वाटायचं.

माझ्या बायकोचं म्हणणं अगदी सरळ होतं, आणि ते सरळ होतं म्हणूनच मला त्याला उत्तर सापडत नव्हतं. ती बंदराच्या मागच्या शेडमध्ये कोळंबी सोलते. वजनावर पैसे मिळतात, दिवसभर उभं राहायचं, बर्फाच्या पाण्यात हात, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुततात आणि काट्याने टोचलेल्या जागा रात्री ठणकतात. आम्ही राहतो त्या खोलीत नळ नाही, तो जिन्याखाली आहे, चार बिऱ्हाडांत एक. गल्लीच्या टोकाला एक खोली रिकामी झालीय. स्वतःचा नळ, एक खिडकी पूर्वेला. बायको ती दोनदा बघून आली. घरमालक भला माणूस, पण त्याने विचारलं, तुमच्या मिस्टरांना महिन्याला किती मिळतात? "काय सांगू त्याला?" ती मला म्हणाली. "सांगू की पाण्यात किती मासे आहेत ते बघून कळवते? अहो, त्या समोरच्या शिंप्याची बायको आकडा सांगते. बसच्या कंडक्टरची सांगते. मला आयुष्यात एकदा, एकदा तरी कुणी विचारलं की आकडा सांगायचाय." तिने हे भांडताना सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. ती पोळपाटावर हात ठेवून नुसती उभी होती. मी म्हणालो, "बरं."

आणि तिचं आणखी एक होतं, जे ती त्या दिवशी बोलली नाही पण मला ठाऊक आहे. मला कावीळ झाली होती त्या सालची गोष्ट. सगळा हंगाम मी खाटेवर. फेरी संपली की भोंगा माझा वाटा घेऊन यायचा, जिन्यातूनच त्याचा आवाज वर यायचा, "काय रे पिवळ्या, आहेस का गेलास?" आणि सगळ्या चाळीला कळायचं की आमच्याकडे पैसे आले. मला त्याचं काही वाटलं नाही, मी त्या आवाजाची वाट बघायचो. बायकोला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. तो यायच्या आधी ती फरशी पुसायची, चादर बदलायची. दारात उभी राहून मान खाली घालून दोन्ही हात पुढे करायची. तो गेल्यावर एकदा मला म्हणाली, "काम न करता घेतलेले पैसे घशाखाली उतरत नाहीत हो." मी तेव्हा तिच्यावर ओरडलो होतो. तापात होतो. काम न करता कसे? मागे माझ्या हाताने खेचलेल्या जाळ्यांचं काय, ती कुठे गेली? पण तिला ते पटवून देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यासमोर माझी बाजू मला नीट मांडताच येत नाही. वाटा देणाऱ्याला ती रीत वाटते आणि दारात घेणाऱ्या बाईला उपकार वाटतात. रस्त्याने चालता चालता, फाटक्या बाहीला हाताने धरून, मी हाच धागा पुन्हा पुन्हा ओढत होतो. बायको बरोबर होती. मी हो म्हणणार होतो. मग माझी पावलं एवढी का रेंगाळत होती?

ऑफिसात गारवा होता. आमच्या बर्फाच्या खणातला गारवा हाडात शिरतो, हा नुसता कपड्यावर बसतो. धाकटे मालक उठून उभे राहिले. वाईट माणूस नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण त्याला वाईट ठरवलं की सगळं सोपं होतं. "या काका, बसा. हे काय, पडलात की काय?"

"पडलो."

"पाणी घ्या आधी." त्यांनी स्वतः ग्लास पुढे केला. मग हळूहळू, लहान मुलाला समजवावं तसं सांगायला लागले. मासळी कमी झालीय. डिझेल कुठल्या कुठे गेलंय. अशात माणसांनी नशिबावर का जगायचं? पहिल्या तारखेला पगार, फेरी भरो न भरो. बँकेत खातं. तुम्ही विंच सांभाळता, तुम्हाला इतरांपेक्षा जास्त. आणि मग मुद्द्याची गोष्ट: "बाकीचे सगळे तुमच्याकडे बघून आहेत, काका. तुम्ही हो म्हणालात की झालं." त्यांनी आकडा सांगितला. आकडा चांगला होता. तो ऐकल्याबरोबर मला ती पूर्वेची खिडकी दिसली, हे मी लपवणार नाही. नळ दिसला. बायको घरमालकाला आकडा सांगतेय आणि सांगताना उगाच पदर सारखा करतेय, हेही दिसलं.

"माणूस आजारी पडला तर?" मी विचारलं.

"रजा आहे ना. काही दिवसांची भरपगारी."

"आणि हात गेला तर?"

पंख्यासारखं काहीतरी भिंतीत घुमत होतं. "विम्याचं बघतोय मी."

"तारेचं बघत होतात तसं?"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. धाकट्या मालकांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी आवाज चढवला नाही. "भोंगाकाकांचं मिटलंय," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही समुद्रावर होतात तेव्हा ते स्वतः आले होते इथे. एकरकमी घेतले त्यांनी, आणि वाट्यावर पाणी सोडलं. आता तुमच्यावर त्यांचं काही ओझं नाही. उलट तुम्ही सगळे मोकळे झालात."

मोकळे. मी तो शब्द तोंडात घोळवत बसलो. मला मालकाचा राग यायला हवा होता, पण आला भोंग्याचा. असा राग की हातातला ग्लास फुटेल म्हणून मी तो टेबलावर ठेवला. हा माणूस एका हाताने बसची दांडी धरून, धक्के खात इथवर आला, या खुर्चीत बसला, आणि सातवा वाटा विकून गेला. कुणाला विचारून विकलास रे? तुझा होता का तो? तू त्यावर बसला होतास एवढंच. त्याच जागेवर कावीळ झाली तेव्हा मी बसलो होतो. त्याच्या आधी कप्तानाचा मोठा भाऊ बसला होता, पाठीचं हाड सरकलं तेव्हा. उद्या आचारी बसेल, परवा आणखी कुणी. सहा जण समुद्रावर निश्चिंत उभे राहतात ते त्या एका रिकाम्या जागेच्या जिवावर. तार गात असताना तिच्याजवळ माणूस उभा राहतो, तो काही शूर असतो म्हणून नव्हे. आपण पडलो तर घरात जेवण पोचेल एवढं ठाऊक असतं म्हणून. बायकोला जे कधी सांगता आलं नव्हतं ते आता या गार खोलीत मला इतकं स्वच्छ कळलं की मला हसू आलं, आणि ती इथे नव्हती.

"तर मग काका?" मालक म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"पगार नाही. पगारच द्यायचा तर सात जणांचा द्या. जो पडला त्याचा धरून, तो उठेपर्यंत. मग बोलू."

"जो कामाला येत नाही त्याला पगार? असं जगात कुठे असतं का?"

"तुमच्या बोटीवर होतं," मी म्हणालो. "काल संध्याकाळपर्यंत."

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. आता ते दमलेले दिसत होते, आणि त्यांच्या बापासारखे दिसत होते. "विंचवर उभं राहायला बाहेर माणसं रांग लावून आहेत, काका. मला नाइलाजाने बोलावं लागतंय."

"करा उभं. नवी तार आली का?"

"आली."

"बरं झालं."

"मग पुढच्या फेरीपासून तुम्ही नाही," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. मी उठलो. आता या वयात कोण मला दुसऱ्या बोटीवर घेईल, बायकोला काय तोंड दाखवू, सगळं एकदम अंगावर आलं. आणि त्या सगळ्याच्या वर, मला सांगायला लाज वाटत नाही, मला आनंद झाला होता. जिना उतरताना मी दोन दोन पायऱ्या उतरत होतो.

बंदरावर परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. सगळे अजून बोटीवरच होते, जाळं पसरून फाटलेलं शिवत बसले होते. माझा चेहरा बघून कप्तान उभा राहिला. मी सरळ जाऊन विंचवर बसलो, खुर्चीत बसावं तसा. "सातवा वाटा काढ," मी म्हणालो.

"तो मिटला. मालकाने सांगितलं ना तुला?"

"सांगितलं. काढ."

"अरे, भोंग्यानेच नको म्हटलंय! आपण सहा जणांत वाटून घेतले, सगळ्यांच्या खिशात गेले, तुझ्याही. तू काय हो म्हणालास की नाही तिकडे?"

"नाही म्हणालो. मला काढलंय."

कुणाच्या तरी हातातली सुई थांबली. कप्तान कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "तुझं बरंय रे. माझे घराचे हप्ते आहेत. माझी पोरगी कॉलेजला आहे. मला पगार हवाय, समजलं? हवाय! आणि तुला काढलंय तर उतर तिथून, कशाला ऐट करतोस?"

"पुढच्या फेरीपासून काढलंय," मी म्हणालो. "ही फेरी माझी आहे. हिच्यातले मासे सात वाट्यांच्या बोलीवर धरले. तो वाटा निघाल्याशिवाय मी इथून उठत नाही आणि हा विंच फिरत नाही. पोलिसांना बोलाव, मालकाला बोलाव, कुणाला बोलवायचं त्याला बोलाव." माझा आवाज चढला होता आणि शेजारच्या बोटीवरचे लोक माना वळवून बघत होते. बघू देत. दिवसभरात दुसऱ्यांदा लोक मला वेडा समजत होते आणि आता मला त्याची गोडी लागली होती. कप्तानाने मला आईवरून शिवी दिली. मीही दिली. आमची तीस वर्षांची ओळख, आम्हाला एकमेकांच्या शिव्या पाठ आहेत. मग आचारी उठला, जो बोटीवर सगळ्यात कमी बोलतो, त्याने लुंगीच्या गाठीतून नोटा काढल्या, त्यातल्या काही मोजून वेगळ्या केल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. पुन्हा जाऊन जाळं शिवायला बसला. त्याच्यानंतर इतरांनी दिल्या, कुणी कुरकुरत, कुणी माझ्याकडे न बघता. माझ्या खिशात आलेल्या जादा नोटा मीही त्यात घातल्या. सगळ्यात शेवटी कप्तान. त्याने जवळजवळ फेकल्याच. "पगार मला तरीही हवाय," तो म्हणाला.

"माग ना मग," मी म्हणालो. "सातांचा माग."

भोंग्याची खोली बंदराच्या मागच्या चढावर आहे. दार उघडं होतं. तो नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण झोपलेला नव्हता. झोपलेल्या माणसाचे खांदे असे ताठ नसतात. त्याची बायको भांडी घासत होती. मला बघून तिने हात धुतले आणि दारात आली. वाट अडवूनच उभी राहिली म्हणा ना.

"भाऊजी, आमचा हिशेब मिटलाय," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला? आता तुम्ही यायचं कारण नाही."

"ते मालकाने दिले ते हाताचे. हे वाट्याचे."

"आम्हाला कुणाचे उपकार नकोत आता. पुरे झाले. दर फेरीला दारात हात पुढे करायचा, शेजारपाजारचे बघतात." अगदी माझ्या बायकोसारखंच बोलत होती, आणि या वेळी मी तापात नव्हतो.

"वहिनी, मी तुमच्यासाठी आलेलोच नाही," मी म्हणालो. "मी माझ्यासाठी आलोय. उद्या माझा पाय गेला तर माझ्या दारात कुणी यायला हवं, आणि नाही आलं तर मला चारचौघांत भांडायला तोंड हवं. तुम्ही हे नाही म्हणालात तर ते तोंड माझ्याकडे राहत नाही. ह्याने तिकडे जाऊन जे विकलं," मी मुद्दाम आवाज चढवला, "ते ह्याचं नव्हतं. माझं होतं. कप्तानाचं होतं. त्या मुक्या आचाऱ्याचं होतं. हाताचे पैसे त्याचे, ते त्याने ठेवावेत, आणखी मागावेत. वाटा विकायचा त्याला कुणी अधिकार दिला?"

भिंतीकडचे खांदे हलले नाहीत. "बायको म्हणत होती तुमची, की तुम्ही पगार घेताय," वहिनी म्हणाली.

"नाही घेत. मला काढलंय."

"अगं बाई. आणि ती काय म्हणेल आता?"

"पुष्कळ म्हणेल. हे घेऊन मोकळं करा मला, म्हणजे मी घरी जाऊन ते ऐकतो."

मग तिने माझ्या हातातल्या नोटा घेतल्या. अंगठ्याला थुंकी लावली आणि तिथेच, दारात, उजेडाला धरून मोजायला लागली. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. तिच्या कपाळावर आठी पडली.

"एवढेच?" ती म्हणाली.

"एवढेच आले."

"कसे काय? बोट भरून आली म्हणत होते सगळे. मी सकाळी स्वतः टोपल्या उतरताना बघितल्या. भाव काय लागला?"

मी भाव सांगितला.

"आणि बर्फाचे किती कापले?"

मी सांगितलं.

"एवढा बर्फ? बोटीत भरता की मालकाच्या घरी पोचवता? आणि डिझेल? मागच्या फेरीपेक्षा जवळ जाऊन आलात ना तुम्ही, मग डिझेल जास्त कसं?" तिचा आवाज आता शेजारच्या दारापर्यंत पोचत होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. "तुम्ही पुरुष माणसं समोर उभं राहून लिलाव बघता आणि माना डोलवून घरी येता. कप्तान आहे का अजून बोटीवर?"

"असेल."

तिने नोटा कमरेला खोचल्या. ओले हात पदराला पुसले, कोपऱ्यातल्या चपला पायाने पुढे ओढल्या. "अहो, जरा भातावर लक्ष ठेवा," ती आत बघून म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता चढ उतरायला लागली. मी तिच्या मागोमाग निघालो. ती इतक्या झपाझप चालली होती की तिला गाठायला मला पळावं लागलं.